जुनी कार घेण्याआधी: नंबरपासून नावावर होईपर्यंतची पडताळणी

मराठवाड्यात जुन्या गाडीचा व्यवहार बहुधा ओळखीतून होतो. कोणाचा तरी मेहुणा, गावातला एजंट, नाहीतर मोंढ्यातला व्यापारी सांगतो, "गाडी एक नंबर आहे, कागदं क्लिअर आहेत." लोक बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात, एक चक्कर मारतात आणि इसार देऊन मोकळे होतात. इंजिनातला दोष मिस्त्री दुरुस्त करून देतो. कागदातला दोष मात्र दोन-दोन वर्षं सुटत नाही, आणि तोवर गाडी दुसऱ्याच्याच नावावर फिरत राहते. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी नोंदी, मग गाडी, शेवटी पैसे.

गाडी बघायला निघण्यापूर्वी विकणाऱ्याकडून व्हॉट्सॲपवर तीन गोष्टी मागवा. आरसीच्या (नोंदणी प्रमाणपत्राच्या) दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो, चालू विमा पॉलिसीची सगळी पानं (नुसतं पहिलं पान नको) आणि मीटरचा आजचा फोटो. चेसिस नंबरचे (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकाचे) शेवटचे पाच आकडे झाकून आरसी पाठवणारा विक्रेता काही तरी लपवतोय असंच धरून चला. लातूरहून संभाजीनगरला जाण्याचा दिवस आणि डिझेल तिथेच वाचतं.

पहिली पायरी: घरबसल्या नंबर तपासा

परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर स्वतःच्या मोबाइल नंबरने नोंदणी करा आणि गाडीचा नंबर टाका. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसेल, तरी आरसीवरच्या नावाशी जुळतं का ते अक्षरांवरून कळतं. बाकीच्या नोंदी अशा वाचा:

मालकाचा क्रमांक. विकणारा "फर्स्ट ओनर" म्हणतो आणि नोंदीत ३ दिसतो, असं पुष्कळदा घडतं. तिसरा मालक असणं हा काही दोष नाही. पण गाडी सहा वर्षांत तीन हातांतून गेली असेल तर कारण विचारा.

वाहनाचा वर्ग. खासगी गाडीला "मोटार कार" आणि प्रवासी वाहतुकीच्या गाडीला "मोटार कॅब" असतं. टॅक्सी परवाना रद्द करून पांढऱ्या पाटीवर आणलेल्या अर्टिगा आणि बोलेरो आपल्याकडे बऱ्याच विकल्या जातात. असं रूपांतर कायदेशीर आहे, पण गाडीने सोसलेले हाल वेगळे आणि किंमतही वेगळी. उलटा प्रकारही असतो: पासिंग खासगी आणि गाडी वर्षानुवर्षं वडापला (माणसं भरून भाड्याने). ते नोंदीत दिसत नाही. मागच्या सीटचे दबलेले फोम, सरकत्या दाराच्या घासलेल्या पट्ट्या आणि पायऱ्यांवरची झीज बघून ते ओळखावं लागतं.

नोंदणीची मुदत. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. कारच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपयांवर गेली, शिवाय पर्यावरण कर वेगळा. मुदत संपायला वर्ष-दोन वर्षं उरलेल्या गाडीच्या भावातून हा खर्च आधीच वजा करा.

"ब्लॅकलिस्ट" आणि "एनओसी" हे रकाने. ब्लॅकलिस्टमध्ये नोंद असेल तर ती निघेपर्यंत आरटीओतलं काम अडतं. कारण थकलेला कर असेल, चलन असेल किंवा पोलिसांचं पत्रही असेल. एनओसीची (दुसऱ्या आरटीओकडे नेण्यासाठीच्या ना हरकत प्रमाणपत्राची) नोंद दिसली तर गाडी आधीच दुसऱ्या कार्यालयाकडे जायला निघाली आहे. कुठे आणि का, याचं उत्तर कागदावर हवं.

नंबराच्या सुरुवातीवरून गाडी पहिल्यांदा कुठे पासिंग झाली एवढंच कळतं: २० संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, ३८ हिंगोली, ४४ अंबाजोगाई. राज्यातल्या राज्यात मालक बदलला तरी नंबर तोच राहतो. म्हणून परभणीच्या बाजारात एमएच १२ किंवा १४ दिसली तर त्यात वावगं काही नाही. गाडी पुणे, पिंपरी-चिंचवडकडून आली एवढाच अर्थ.

ई-चलन दोन ठिकाणी बघा: महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या स्वतःच्या चलन पोर्टलवर आणि केंद्राच्या ई-चलन पोर्टलवर. एकावर शून्य दिसलं म्हणून दुसरं सोडू नका. चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे इथे लागतात, ते आरसीच्या फोटोत आहेतच. थकलेल्या रकमेइतकीच चलनांची जागा आणि वेळही महत्त्वाची आहे. "गाडी फक्त गावात चालवली, मॅडमच्या शाळेपुरती" असं सांगितलेल्या गाडीवर सोलापूर-पुणे महामार्गावरची रात्रीची वेगमर्यादेची पाच चलनं निघाली, तर मीटरवरचा आकडाही खरा नसणार.

दुसरी पायरी: बोजा

गाडी कर्जावर घेतली की आरसीवर बँकेचा बोजा चढतो. कर्ज फिटलं तरी तो आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) आरटीओत दाखल झाल्यावरच उतरतो. विकणारा खिशातून एनओसी काढून दाखवतो आणि "लोन क्लोज आहे" म्हणतो, त्या वेळी तीन गोष्टी बघा: एनओसीवरचा गाडीचा आणि चेसिसचा नंबर, तिची तारीख (बँका बऱ्याचदा ९० दिवसांची मुदत घालतात, शिळी एनओसी पुन्हा आणावी लागते), आणि पोर्टलवर बोजा अजून दिसतो का. दिसत असेल तर आधी उतरवून घ्यायला सांगा. "दोन्ही कामं एकदमच करू" यात तुमचा काही फायदा नाही.

कर्ज चालू असेल तर बँकेकडून फोरक्लोजरचं (मुदतीआधी कर्ज फेडून बंद करण्याचं) पत्र मागा. त्यात आजची बाकी आणि रोज वाढणारं व्याज असतं. ती रक्कम विकणाऱ्याच्या हातात न देता थेट कर्ज खात्यात भरा, पावती घ्या आणि उरलेली रक्कम नंतर द्या.

आपल्या भागात आणखी एक पेच येतो. बोजा गावातल्या पतसंस्थेचा किंवा मल्टिस्टेट सोसायटीचा असतो आणि ती संस्था मध्येच बंद पडलेली असते. मालकाने पै न् पै फेडली असली तरी एनओसीवर सही करणारा माणूस जागेवर नसतो. मग अवसायक (बंद संस्थेचा कारभार गुंडाळणारा अधिकारी) किंवा प्रशासक नेमला आहे का ते शोधायचं, त्याच्याकडे खातेउतारा द्यायचा आणि वाट बघायची. असा बोजा दिसला तर एनओसी हातात आल्याशिवाय इसारही देऊ नका. भाव कितीही कमी असला तरी.

फायनान्सवाल्यांनी हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेली गाडी लिलावात स्वस्त मिळते. तिथे मूळ मालक सहीला येणार नाही हे उघड आहे. फायनान्स कंपनीने फॉर्म ३६ भरून आरसी आधी स्वतःच्या नावावर करून घेतली आहे का, हे विचारा. नसेल तर ती कशी आणि किती दिवसांत करून देणार, हे लेखी घ्या.

तिसरी पायरी: परराज्यातली गाडी

दिल्ली परिसरात १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवण्यावर बंदीचा आदेश २०१५ मध्ये हरित लवादाने दिला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. पुढे त्यात बदल होत राहिले, पण तेव्हापासून तिकडच्या चकचकीत डिझेल गाड्या आपल्याकडे येताहेत. इथल्या भावापेक्षा लाख-दीड लाखाने स्वस्त वाटतात. खर्च पूर्ण मांडल्यावर हा फरक बहुतेक गळून पडतो.

परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो आणि इथला एकरकमी कर भरावा लागतो. १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला नवीन असताना हा कर ११ टक्के, डिझेलला १३ टक्के. जुन्या गाडीला वयाप्रमाणे त्यात सूट मिळते, पण हिशोब मूळ किमतीवरून सुरू होतो, तुम्ही दिलेल्या किमतीवरून नाही. म्हणून आठ लाखांची गाडी दोन लाखांत घेतली तरी कर दोन लाखांच्या मानाने येत नाही. आकडा आपल्या आरटीओतून आधी काढून घ्या. शिवाय फॉर्म २८ वरची मूळ आरटीओची एनओसी तुमच्याच जिल्ह्याच्या कार्यालयाच्या नावाने असली पाहिजे, आणि तिची मुदत सहा महिन्यांची असते. नांदेडच्या नावाने काढलेली एनओसी लातूरला चालवायला निघालात तर खेटे ठरलेले. चोरीच्या नोंदीसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचा दाखला पोलिसांच्या डिजिटल नागरिक सेवा पोर्टलवरून काढता येतो. परराज्यातल्या गाडीसाठी तो काढाच.

चौथी पायरी: विमा पॉलिसी सगळ्यात बोलकी

बहुतेक जण पॉलिसीची फक्त शेवटची तारीख बघतात. खरी माहिती नो क्लेम बोनसच्या ओळीत असते. क्लेम घेतला नाही तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विमा हप्त्यावर दरवर्षी सूट वाढत जाते: २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० टक्के. सहा वर्षं जुनी, एकाच मालकाची आणि "एक स्क्रॅच नाही" असं सांगितलेली गाडी असेल तर पॉलिसीवर ५० टक्के हवेत. तिथे शून्य दिसलं तर गेल्या मुदतीत क्लेम झालाय, किंवा विमा संपून ९० दिवसांहून जास्त गेले म्हणून सूट बुडाली, किंवा मध्येच मालक बदलला. २० दिसलं तर एक वर्ष आधी काही तरी घडलं. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. त्यामुळे गाडी तुमच्या नावावर झाल्यावर विकणाऱ्याचा ५० टक्के तुम्हाला मिळणार नाही, तेवढा हप्ता वाढेल.

एवढ्यावर थांबू नका. विकणाऱ्याला त्याच्याच फोनवरून विमा कंपनीला विचारायला लावा: या पॉलिसीवर आणि आधीच्या पॉलिसीवर किती क्लेम झाले, किती रकमेचे. बंपरचे सात-आठ हजार सोडून द्या. लाखाच्या वरचा क्लेम असेल तर सर्व्हे रिपोर्ट किंवा वर्कशॉपचं बिल मागा. बिलावर एअरबॅग, रेडिएटर सपोर्ट, साइड मेंबर, क्रॉस मेंबर असे शब्द दिसले तर धक्का सांगाड्यापर्यंत गेला होता. आधीच्या पॉलिसीत खंड पडलेला असेल तर त्या काळातला अपघात कुठेच नोंदलेला नसतो हेही लक्षात ठेवा.

पाचवी पायरी: सर्व्हिस हिस्टरी आणि किलोमीटर

मीटर मागे फिरवणं आता लॅपटॉपवर अर्ध्या तासाचं काम आहे, म्हणून मीटरवरच्या आकड्याला स्वतंत्र साक्षीदार हवेत. पहिला साक्षीदार कंपनीचं अधिकृत वर्कशॉप. मालकाला सोबत घेऊन किंवा त्याच्या नोंदणीकृत मोबाइलवरून कंपनीच्या ॲपवर सर्व्हिस हिस्टरी काढा. प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि किलोमीटर ओळीने कागदावर लिहा. आकडा सतत वाढता हवा. २०२१ मध्ये ७८ हजार आणि आज ६४ हजार, हा प्रकार असा एका मिनिटात पकडला जातो. वर्षाला १५ हजारांच्या वेगाने वाढणारा आकडा अचानक वर्षाला दोन हजारांवर आला आणि त्याच सुमाराला अधिकृत वर्कशॉपला जाणं बंद झालं, तर मीटरला तिथेच हात लागला असावा.

अंदाजासाठी एक साधा हिशोब. लातूर ते पुणे एका बाजूने सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. महिन्यातून चार वेळा जाऊन येणारी गाडी वर्षाला तीस हजारांच्या वर पळते. पुण्यात नोकरी आणि गावाकडे शेती असलेल्या मालकाची आठ वर्षांची डिझेल गाडी ५५ हजारांवर कशी, हे विचारायला संकोच नको. फास्टॅगचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं तर टोलनाकेच उत्तर देतात.

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. ३० हजार चाललेल्या २०२० च्या गाडीला २०२३ चे चारही टायर असतील तर पहिले टायर एवढ्यात कसे झिजले? एक-दोन हजारांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) मिस्त्रीकडे असेल तर लावा. त्यात "कोड पुसल्यापासूनचं अंतर" ही नोंद असते. ती दहा-पंधरा किलोमीटर दिसली तर तुम्ही येण्याआधी कोणी तरी दोषाचे कोड पुसले आहेत. काही गाड्यांत किलोमीटर इतर कंट्रोल युनिटमध्येही साठतात. अधिकृत वर्कशॉपचा स्कॅनर ते वाचतो.

सहावी पायरी: कागद आणि लोखंड जुळतं का

इथे चेसिस नंबरपासून सुरुवात करा. तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात. मॉडेलनुसार तो फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर), पुढच्या सीटखाली कारपेटच्या कापाआड, किंवा बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या फ्रेमच्या गाडीत चाकाच्या कमानीजवळ फ्रेमवर कोरलेला असतो. पत्र्यावर कोरलेला नंबर, रिव्हेट मारलेली पट्टी आणि आरसी हे तिन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. नंबराभोवती घासल्याचा, वेल्डिंगचा, नव्या रंगाचा माग दिसला तर पुढे काहीच बघायचं नाही, परत फिरायचं. इंजिन नंबर वेगळा निघाला तर इंजिन बदललंय. त्याची आरसीवर नोंद हवी. रंग बदलला असेल किंवा सीएनजी किट बसवलं असेल तरी नोंद हवीच. सीएनजी टाकीच्या पट्टीवर चाचणीची तारीख बघा, ही चाचणी दर तीन वर्षांनी करायची असते. नोंद नसलेल्या किटवर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते.

काचांवर बनवणाऱ्याचं नाव आणि वर्षाचा छोटा कोड असतो. सगळ्या काचा एका कंपनीच्या आणि एकच वेगळी, तर त्या बाजूला काही घडलंय. सीटबेल्ट पूर्ण ओढून मुळाशी शिवलेलं तारखेचं लेबल वाचा. गाडी २०१८ ची आणि बेल्ट २०२१ चा असेल तर एअरबॅग उघडण्याइतका मोठा अपघात झाला असू शकतो. नव्या पद्धतीच्या (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेटचं लॉक तुटून साधे स्क्रू लागलेले असतील तर बंपर कधी आणि का काढला ते विचारा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला ही प्लेट बसवलेली नसेल तर आरटीओतली कामं अडतात.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीबद्दल आता जास्त सावध राहा. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, लातूर, नांदेडमध्ये घरांबरोबर गाड्याही पाण्यात गेल्या. धुऊन, पॉलिश करून अशा गाड्या बाजारात येतात. काही महिने ठीक चालतात, मग वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज चढतो आणि एकेक सेन्सर, पॉवर विंडो, शेवटी ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जातो. स्टेपनीखालच्या खोलगटात, सीटच्या रुळांच्या बोल्टवर आणि डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटवर गंज बघा. सीटबेल्टच्या आतल्या भागावर मातीची रेघ राहते, कारण तो धुवायचा कोणाला सुचत नाही. कारपेट उचलून खालचा फोम दाबा आणि वास घ्या. काळी माती एकदा फटीत शिरून वाळली की पाण्याच्या प्रेशरनेही निघत नाही. फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात आणि हेडलाइटच्या आत ती सापडते. बुडालेल्या गाडीचा क्लेम पॉलिसीवर "टोटल लॉस" म्हणून झाला असेल तर ती गाडी घेऊ नका.

सातवी पायरी: विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे का

आरसीवरचं नाव आणि समोरचा माणूस एकच हवा. आधार कार्ड समोर धरून बघा. मालक वारला असेल तर गाडी आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर व्हायला हवी आणि बाकीच्या वारसांची संमती हवी. "वडिलांच्या सह्या आधीच घेऊन ठेवल्यात" या फॉर्मना अर्थ नाही. गाडी एखाद्या गुन्ह्यात जप्त होऊन कोर्टातून सुपुर्दनाम्यावर (खटला संपेपर्यंत सांभाळण्याच्या हमीवर) सुटली असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. अशी नोंद पोर्टलवर दिसेलच असं नाही, म्हणून हा प्रश्न तोंडी विचारा आणि "असा कोणताही खटला नाही" हे वाक्य करारनाम्यात लिहून घ्या. विक्रेता डीलर असेल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का बघा. एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांत जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या डीलरला ते घ्यावं लागतं, आणि मालकाने फॉर्म २९ सी ने गाडी त्याच्याकडे सोपवल्याची नोंदही करायची असते.

आठवी पायरी: पैसे आणि नाव

मराठवाड्यात सगळ्यात जास्त नुकसान या टप्प्यावर होतं. स्टॅम्प पेपरवर करारनामा, सह्या केलेले कोरे टीटीओ (मालकी हस्तांतरणाचे) फॉर्म हातात, आणि गाडी वर्षानुवर्षं पहिल्याच्या नावावर. नोटरी केलेला करारनामा म्हणजे मालकी नव्हे. मधल्या काळात मूळ मालक वारला, गाव सोडून गेला किंवा पैसे मागायला लागला की तुमच्या हातात काही उरत नाही. विकणाऱ्यालाही हे सांगा, तोही मग घाई करेल: नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

रक्कम आरसीवरच्या मालकाच्याच बँक खात्यात जाऊ द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. इसार पाच-दहा हजारांच्या वर नको आणि इसारपावतीवर "नोंदीत बोजा, चलन किंवा तक्रार आढळल्यास रक्कम परत" हे लिहा. हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० भरलेले असावेत, कोरे नाहीत. ऑनलाइन अर्जाला मालकाचा आधारशी जोडलेला मोबाइल लागतो, ओटीपी त्यावरच येतो; तो नंबर बंद असेल तर आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच अडतो. तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यातले असाल तर एनओसी लागेल का, हे आपल्या कार्यालयात आधी विचारा. सरकारी हस्तांतरण फी काही शे रुपयांची आहे. एजंट हजारो मागतो तेव्हा त्यात फी किती आणि मेहनताना किती हे वेगळं लिहून घ्या. शेवटची १०-१५ टक्के रक्कम नाव चढल्यावर द्यायची, हे आधीच ठरवा.

गाडी ताब्यात घेताना पावतीवर तारखेबरोबर तास-मिनिटंही लिहा. त्या वेळेआधीची चलनं त्याची, नंतरची तुमची. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. विकणाऱ्याचा फास्टॅग बंद करून आपला नवीन लावा. महिनाभराने पुन्हा एमपरिवहन उघडून बघा: मालकाचा क्रमांक एकाने वाढलेला आणि बोजाचा रकाना रिकामा दिसला, की राखून ठेवलेली रक्कम पाठवून द्या.